पैसा आला म्हणजे जात गेली? गॅट्सबीची गोष्ट आणि आपले तरुण

आधी भरपूर पैसा कमवा, मग तुमची जात कोणी विचारणार नाही. ज्या मुलीच्या घरच्यांनी नाकारले तेच उद्या दारात येतील. रील्स आणि स्टेटसमधून हा उपदेश आज आपल्या तरुणांना पाजला जातो आहे. सडक अर्जुनी तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही तो सतत ऐकतो. कोहमाऱ्याहून महामार्ग धरून पोरं नागपूर-रायपूरकडे कामाला जातात, हप्त्यावर गाडी घेतात, आणि त्या गाडीचा फोटो गावातल्या एका मुलीने पाहावा एवढ्यासाठी जीव टाकतात. कमावण्याला आमचा विरोध नाही. आमचा विरोध त्या उपदेशातल्या खोटेपणाला आहे.

हा खोटेपणा उघडा पाडणारी कादंबरी 1925 साली अमेरिकेत आली. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी'. 2013 च्या सिनेमामुळे, त्यातल्या अमिताभ बच्चनच्या छोट्या भूमिकेमुळे, आपल्याकडेही अनेकांना ती माहीत आहे. गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ नाव बदलून जे गॅट्सबी होतो. फौजेत असताना श्रीमंत घरातल्या डेझीवर त्याचे प्रेम जडते. ती टॉम ब्युकॅनन नावाच्या धनाढ्याशी लग्न करते. मग गॅट्सबी दारूच्या बेकायदा धंद्यातून पैसा उभा करतो, तिच्या घरासमोर खाडीपलीकडे महाल घेतो आणि पार्ट्या देतो. सारे कशासाठी? गेलेला काळ परत आणण्यासाठी. शेवटी टॉम भर हॉटेलात त्याची कुळकथा काढतो आणि डेझी मागे सरते. पुढे तिच्या हातून अपघात होतो, आळ गॅट्सबीवर येतो आणि गोळीही त्यालाच लागते. पार्ट्यांना शेकड्यांनी येणारे मयताला फिरकत नाहीत.

आपल्याकडे या गोष्टीला 'अधुरी प्रेमकहाणी' म्हणून उसासे टाकले जातात. आम्हाला त्यात टॉम महत्त्वाचा वाटतो. हा माणूस गोऱ्या वंशाचे वर्चस्व धोक्यात आल्याचे सांगणारी पुस्तके वाचतो. बायको हातची जाते असे दिसताच तो म्हणतो, आता काळ्या-गोऱ्यांची लग्नेही लागतील! गॅट्सबी तर गोराच आहे. तरीही टॉमला लगेच वंश आठवतो, कारण लग्नाची कुंपणे कशासाठी असतात हे त्याला नेमके ठाऊक आहे.

हीच गोष्ट एका भारतीय विद्यार्थ्याने त्याच न्यूयॉर्कमध्ये शास्त्र म्हणून आधीच मांडली होती. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न, हा त्याचा सिद्धांत. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा ते कुंपण राखण्यासाठीच आल्या, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे कुंपणाचा पहारा सर्वांत आधी बाईवर बसतो. म्हणून तुम्हाला 'नाही' म्हणणाऱ्या मुलीला बेवफा ठरवून तिच्यावर रील बनवणाऱ्यांनो, एक तर तो नकार तिचा स्वतःचा असेल, मग तो मान्य करा. नाहीतर तो तिच्याकडून वदवून घेतलेला असेल, मग तीही तुमच्यासारखीच कोंडलेली आहे.

आणि पैसा, पदवी, नाव बदलणे, यांचे काय होते? त्याचेही उत्तर बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. 1917 साली परदेशात शिकून ते बडोद्याला नोकरीसाठी आले. राहायला जागा मिळेना, तेव्हा पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. कोलंबियाचे शिक्षण त्या काठ्या थांबवू शकले नाही. बाबासाहेब बागेत जाऊन रडले. पण पुढे त्यांनी बडोद्यात महाल बांधून त्या लोकांना जेवायला बोलावण्याचे स्वप्न पाहिले नाही. त्यांनी महाडचे तळे पेटवले, 1936 मध्ये 'जातिसंहार' लिहिला आणि आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे सांगितले. गॅट्सबीला टॉमच्या घरात जागा हवी होती. बाबासाहेबांना ते घर ज्या पायावर उभे आहे तो पायाच उखडायचा होता.

कोणी म्हणेल, शंभर वर्षे झाली, आता काळ बदलला. 28 एप्रिल 2014 विसरलात का? नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या शाळकरी मुलाला सवर्ण मुलीशी प्रेमसंबंधाच्या संशयावरून मारून टाकले. साक्षीदार फितूर झाले आणि 2017 मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. कोणी म्हणेल, अमक्या अधिकाऱ्याचे लग्न झालेच ना? झाले. पण जावई 'त्यांच्यातला वाटत नाही' म्हणून स्वीकारला जात असेल, तर त्यात जात मेली कुठे? तिने फक्त एका माणसाला पास दिला.

आता आपल्या घरात बघू. आपल्या वधू-वर मेळाव्यांत पहिला प्रश्न कोणता? पॅकेज किती, नोकरी सरकारी आहे का, नागपूरला फ्लॅट आहे का. मातंग किंवा चर्मकार समाजातला मुलगा मुलीने पसंत केला तर आपल्यातले किती बाप हसून हो म्हणतील? 1956 ला दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या बायोडेटात पोटजातीचा रकाना कशाला? गॅट्सबी तयार करण्याचा कारखाना आपणही चालवतो आहोत.

मग करायचे काय? कमवा, शिका, घर बांधा. ते स्वतःसाठी आणि समाजासाठी करा, कोणाला दाखवायला नको. मन मोडलेल्या पोराला दारूच्या गुत्त्यावर सोडू नका, विहारात आणा, त्याच्याशी बोला. मुलींना संघटनेत बोलू द्या, त्यांचा होकार आणि नकार दोन्ही ऐका. 1954 चा विशेष विवाह कायदा गावागावांत समजावून सांगा. सुप्रीम कोर्टाने 2018 च्या शक्ती वाहिनी निकालात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष काढायला सांगितले आहे. गोंदियात तो कुठे बसतो, त्याचा फोन कोण उचलतो, हे विचारायला निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात चला.

प्रेम हरवले म्हणून आयुष्य गहाण टाकणारा तरुण चळवळीला परवडणारा नाही. प्रेम करणाऱ्यांच्या पाठीशी उभी न राहणारी चळवळही तरुणांना परवडणारी नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!