चाळिशीतल्या विद्यार्थ्यांना सकाळचा वर्ग द्या

मा. कुलगुरू,
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड



मी लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहे. बारावीनंतर शिक्षण सुटलं, आता त्रेचाळिसाव्या वर्षी बी.कॉम.ला नाव घातलं आहे. पतसंस्थेतले कारकून, अंगणवाडी सेविका, एस.टी.चे वाहक असे माझ्यासारखे नांदेड-लातुरात पुष्कळ आहेत. प्रवेशाला वय आड येत नाही, वेळ येते. वर्गाचे तास ऐन बाजाराच्या वेळेला असतात. हिवाळी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नेमकं नवं सोयाबीन यार्डात उतरतं तेव्हा. काट्यावरची नोंद घ्यायची, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी करायची, पैसे मोजून द्यायचे. त्या दिवसांत जेवायला उसंत नसते, मग मालकाकडे रजा कोणत्या तोंडाने मागायची?

मुक्त विद्यापीठ आहेच की, असं लोक सांगतात. १९८९ पासून त्याने शेतात राबणाऱ्यांच्या, संसारात अडकलेल्यांच्या घरी पदवी नेली, हे फार मोठं काम आहे. पण मला शिकवणारं माणूस समोर हवं. इतकी वर्षं खतावणी लिहूनही ताळेबंदातला घसारा पुस्तकावरून मला उमजेना. एका सरांनी फळ्यावर मालट्रकची किंमत मांडली, दरवर्षी ती कमी करत नेली आणि दहा मिनिटांत सगळं उलगडलं. वर्ग मागतोय तो त्या दहा मिनिटांसाठी.

ही मागणी नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, ते नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळी भरे. ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे ते स्वामीजीही हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते; शिकवणारं माणूस समोर असण्याचं मोल त्यांच्या नावाच्या विद्यापीठाला वेगळं सांगायला नको. आणि लातूरला तर विद्यार्थ्यांसाठी जागायची सवयच आहे. नीटच्या पोरांसाठी इथल्या अभ्यासिकांचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात, मेसवाले त्यांच्या वेळा सांभाळतात.

म्हणून विनंती अशी: लातूरच्या उपपरिसरात आणि नांदेडला सकाळी साडेसहा ते नऊ अशी कामकऱ्यांची एकेक तुकडी सुरू करावी. हजेरी त्याच तासांवर धरावी. हंगामात पेपर हुकला तर तो उन्हाळी सत्रात देता यावा, पण त्यावर नापासाचा शिक्का नसावा. येत्या विद्वत परिषदेपुढे हा विषय ठेवावा. तिथे बोलायला कुणी हवं असेल तर दुकान सोडून मी नांदेडला येईन.

आपला नम्र,
एक मुनीम, लातूर