घर दाखविण्याची वेळ
जुने घर विकणारा आपल्या सोयीची वेळ देतो, आणि राहत्या घराची निजानीज वा जेवणवेळ ग्राहकाने मोडू नये, हे उचितच होय. परंतु केवळ सोयीच्या वेळी घराचे दोष दिसत नाहीत. सांगलीत २००५, २०१९ व २०२१ साली कृष्णेचे पाणी वस्तीत शिरले. रंगविलेल्या भिंतीवर त्याची खूण उन्हाळ्यात कशी दिसावी? साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर पाणी किती जोराने चढते, ते नळाच्या वेळीच कळते. म्हणून आयुष्याची पुंजी घालणाऱ्या नोकरदारास एक भेट नळाच्या वेळी मिळावी. पावसाळ्यापर्यंत थांबणे शक्य नसल्यास त्याने शेजाऱ्यांकडे पुराची चौकशी करावी. माहिती एकाच्याच हाती राहिली, तर सौदा राजीखुशीचा दिसतो, बरोबरीचा नसतो.