ग्रंथ आहे, पण नांव कोणतें?

शाळेंत संगणक व इंटरनेट आलें कीं ग्रंथालयाची उणीव भरून निघाली, असें पुष्कळ पालकांस वाटतें. आणि या समजुतींत निम्में तथ्य आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आज विनामूल्य पाहतां येतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची आवृत्ति शिकागो विद्यापीठानें खुली केली आहे. मराठी विश्वकोश, खरगपूरच्या आय. आय. टी.नें उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी, इंटरनेट आर्काइव्ह, हींही भांडारें शाळकरी मुलांस मोकळीं आहेत. मोडनिंबसारख्या गांवांतील शाळेच्या कपाटांत एवढें कधींच मावलें नसतें.

उरलेलें निम्में असें कीं, भांडाराचें दार उघडें असलें तरी आंत हांक कोणत्या नांवानें मारावी हें ठाऊक असावें लागतें. 'ज्ञ' हेंच अक्षर घ्या. मूळ संस्कृतांत तें ज् आणि ञ् यांचें जोडाक्षर. मराठी माणूस त्याचा उच्चार 'द्न्य' असा करतो, हिंदी भाषिक 'ग्य' असा. त्यामुळें रोमन लिपींत पंडित 'जे-एन' लिहितात, आपण 'डी-एन-वाय' लिहितों, आणि उत्तरेकडील नोंदणी करणारा 'जी-वाय' लिहून मोकळा होतो. जुन्या मराठी ग्रंथांच्या कित्येक नोंदी रोमन अक्षरांतच झालेल्या आहेत. मग देवनागरींत 'ज्ञानकोश' असें शुद्ध लिहिणारा मुलगा रिकाम्या हातांनीं परततो व ग्रंथ नाहींच असें धरून चालतो. शुद्धलेखनाबद्दल मुलास शिक्षा व्हावी असा हा एकच प्रसंग मला ठाऊक आहे!

गांवांच्या नांवांचेंही तसेंच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड आपल्या जिल्ह्याचा. तो १८८४ सालीं निघाला, व त्यावर जिल्ह्याचें नांव इंग्रजींत 'एस'नंतर 'एच' घालून, म्हणजे 'शोलापूर' असें आहे. आजच्या लेखनाप्रमाणें शोधल्यास तो हातीं लागेलच असें नाहीं. लागला तरी साल पाहिल्याखेरीज वाचूं नये. कुर्डुवाडीहून मोडनिंबवरून पंढरपुरास जाणारी रेल्वे त्यांतील चालू मार्गांत सांपडणार नाहीं. कारण बार्शी लाइट रेल्वेचा तो अरुंद मार्ग पंढरपुरास पोंचला तोच त्यानंतर.

हें मुलांस सांगावें कोणीं? संगणकाच्या तासाला यंत्र चालविण्यास शिकवितात, मराठीच्या तासाला निबंध लिहवून घेतात. मधलें काम ग्रंथपालाचें. परंतु कित्येक शाळांत तो अर्धवेळ, आणि तो अर्धा वेळही किल्ल्या सांभाळण्यांत जातो. पालकसभेंत नव्या संगणकांची मागणी होते. ग्रंथपालाला आठवड्यांतून एक तास वर्गावर द्या, अशी मागणी मीं अद्याप ऐकलेली नाहीं. ती या वर्षीं करून पाहावी. तोंवर घरच्या वडील मंडळींनीं मुलाच्या वहींत एक पान राखून ठेवावें, आणि आपल्या गांवाचें व जिल्ह्याचें नांव जितक्या प्रकारांनीं लिहिलेलें आढळेल तितकें त्यावर उतरवून घ्यावें.