बुगाटी की मॅकलॅरन? छोट्या उद्योजकाने कुणाकडून शिकायचं?



मागच्या बॅचमध्ये मसाल्याचा व्यवसाय करणारा एक तरुण होता. मोबाईलच्या स्क्रीनवर बुगाटी व्हेरॉनचा फोटो. मला म्हणाला, "सर, धंदा असाच पाहिजे, हजार हॉर्सपॉवरचा!" आणि लगेच पुढचा प्रश्न, "आठ लाखांचं कर्ज काढून तिप्पट मोठी कांडप मशीन घेतोय. घेऊ ना?"

व्हिडिओमध्ये मी यावर थोडक्यात बोललो. पण तुमच्यापैकी बरेच जण आज याच वळणावर उभे आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहितो. त्याच्या फोटोतल्या गाडीपासूनच सुरुवात करू.

एक हजार हॉर्सपॉवरची गाडी

बुगाटी व्हेरॉन ग्राहकांच्या हातात आली २००५ साली. बुगाटी तेव्हा फोक्सवॅगन समूहाची होती आणि समूहाचे प्रमुख फर्डिनांड पिएश यांनी लक्ष्य आधीच जाहीर करून टाकलं होतं: हजार हॉर्सपॉवर आणि ताशी ४०० किलोमीटरच्या वर वेग. शिवाय गाडी रोजच्या रस्त्यावरही आरामात चालली पाहिजे. आकडा आधी ठरला, तो गाठायचा कसा हे इंजिनीअर्सनी नंतर शोधलं.

त्यांनी काय केलं बघा. ८ लिटरचं, १६ सिलिंडरचं इंजिन. त्यावर ४ टर्बो. एवढं इंजिन तापणार, म्हणून १० रेडिएटर. एवढी ताकद पेलायला खास गिअरबॉक्स आणि खास टायर. गाडीचं वजन झालं सुमारे १८८८ किलो. वेग मिळाला ताशी ४०७ किलोमीटर. पूर्ण वेगात पळवली तर १०० लिटरची टाकी साधारण १२ मिनिटांत रिकामी!

मी याची चेष्टा करत नाहीये. एवढी आग लोखंडात कोंडून ती एसी लावून शांतपणे चालवता येईल अशी गाडी करणं, ही इंजिनीअरिंगची फार मोठी कामगिरी आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ताकद वाढवली की उष्णता वाढते. उष्णता काढायला सामान लागतं. सामानाने वजन वाढतं. ते वजन पळवायला पुन्हा ताकद लागते. हे चक्र चालवायला मागे फोक्सवॅगनची तिजोरी होती.

तुमच्या मागे कोण आहे?

वजन कमी करणारा माणूस

आता थोडं मागे जाऊ. १९८८ साल. त्या वर्षी मॅकलॅरनने फॉर्म्युला वनच्या १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. हरली ती एकच, इटलीतली. त्या शर्यतीनंतर मिलानच्या विमानतळावर उशिरा सुटणाऱ्या विमानाची वाट बघत बसलेली असताना कंपनीच्या मंडळींमध्ये रस्त्यावरची गाडी बनवायची चर्चा निघाली. तिथे डिझायनर गॉर्डन मरे होते. त्यांच्या डोक्यात ही कल्पना आधीपासूनच घोळत होती.

त्यातून १९९२ साली मॅकलॅरन एफ-वन जगासमोर आली. मरे यांचा हट्ट होता वजनाचा. गाडीचा सांगाडा कार्बन फायबरचा, रस्त्यावरच्या गाडीसाठी तेव्हा ही नवलाईच होती. पॉवर स्टिअरिंग नाही. एबीएस नाही. म्युझिक सिस्टीममध्ये सीडी होती, पण रेडिओ नव्हता! ड्रायव्हरची सीट बरोबर मध्यभागी. आणि इंजिनच्या कप्प्यात चक्क सोन्याचा वर्ख, कारण सोनं उष्णता परतवतं. म्हणजे माणूस कंजूष नव्हता. जिथे गरज तिथे सोनं, जिथे गरज नाही तिथे रेडिओसुद्धा नाही.

वजन भरलं ११३८ किलो. बीएमडब्ल्यूकडून खास बनवून घेतलेलं ६.१ लिटरचं इंजिन ६२७ हॉर्सपॉवरचं. टर्बो एकही नाही. १९९८ साली याच गाडीने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. त्याआधी १९९५ साली तिच्या शर्यतीच्या आवृत्तीने ल मान्सची २४ तासांची शर्यतही जिंकली होती.

आता कॅल्क्युलेटर काढा. ताकद भागिले वजन. एफ-वनची एका टनामागे ताकद येते सुमारे ५५१ हॉर्सपॉवर. व्हेरॉनची येते सुमारे ५३०. तेरा वर्षं जुनी, ३७४ हॉर्सपॉवर कमी असलेली गाडी या हिशोबात पुढे आहे. अगदी वरच्या वेगाला व्हेरॉन जिंकते, कारण तिथे हवा कापायला निव्वळ ताकद लागते. पण तुम्ही आणि मी ४०० च्या वेगाने धंदा करत नाही. आपला धंदा म्हणजे सिग्नलला थांबा, पुन्हा निघा, खड्डा चुकवा. तिथे वजन महागात पडतं.

पण थांबा, एफ-वनचीही एक चूक होती

इथवर वाचून "सर मॅकलॅरनच्या बाजूने" असं ठरवू नका. एफ-वनच्या सुमारे ३०० गाड्या विकायचा विचार होता. शर्यतीच्या गाड्या धरून बनल्या फक्त १०६. ती आली तेव्हा जगभरात मंदी होती. आज तीच गाडी लिलावात २ कोटी डॉलरच्या वर जाते, पण तो पैसा बनवणाऱ्याच्या खिशात जात नाही. उत्तम माल बनवला म्हणजे धंदा जमला, असं होत नाही. माझ्या बॅचमधले निम्मे लोक इथेच अडकलेले असतात. "सर, क्वालिटी एक नंबर आहे, पण गिऱ्हाईक येत नाही."

म्हणून तिसरी गाडी बघू.

क्रोएशियातला माटे रिमाच नावाचा तरुण १९८४ सालची जुनी बीएमडब्ल्यू शर्यतीत पळवायचा. तिचं इंजिन फुटलं. त्याने तिथे इलेक्ट्रिक मोटर बसवली. २००९ साली कंपनी काढली. क्रोएशियात गाड्या बनवणारा मोठा उद्योग नव्हता. स्वप्न सुपरकारचं होतं, पण पगार द्यायला पैसा हवा. मग कंपनीने दुसऱ्या कार कंपन्यांसाठी बॅटरी आणि इलेक्ट्रिक यंत्रणा बनवायला घेतली. त्या कामातून पैसा आला, अनुभव आला, नाव झालं. २०२१ साली त्यांची नेव्हेरा आली: चार चाकांना चार मोटर, १९१४ हॉर्सपॉवर. बॅटरीमुळे ती दोन टनांच्या वर जड आहे, पण प्रत्येक चाकाला किती ताकद द्यायची हे सॉफ्टवेअर क्षणाक्षणाला ठरवतं.

आणि त्याच वर्षी काय झालं? बुगाटी आणि रिमाच यांची एकत्र कंपनी स्थापन झाली आणि तिच्यात ५५ टक्के वाटा रिमाच समूहाचा. फुटक्या इंजिनपासून सुरुवात केलेला पोरगा बुगाटीचा प्रमुख झाला!

माझं मत

सुपरकारची तुलना करताना लोक आकडा बघतात. मी बघतो की हातात काय होतं आणि त्यातून काय काढलं. या हिशोबात व्हेरॉन माझ्यासाठी तिसऱ्या नंबरवर. एफ-वनकडून शिकायचं ते वजन कमी करणं. रिमाचकडून शिकायचं ते स्वप्नाचा खर्च आजच्या कामातून काढणं.

हे मी पुस्तकी बोलत नाही. मी स्वतः सुरुवातीला ६० खुर्च्यांचा हॉल भाड्याने घेतला होता. विद्यार्थी चौदा. अकरा महिने मी रिकाम्या खुर्च्यांचं भाडं भरलं. ताकद घेतली होती, पण पळवत होतो नुसतं वजन.

त्या मसालेवाल्या मुलाला मी एकच प्रश्न विचारला, "दळण किती वाजता संपतं?" म्हणाला, "एक वाजेपर्यंत." "आणि पॅकिंग?" "रात्री आठ-साडेआठ होतात, सर." बोलता बोलता तोच थांबला. मशीन तिप्पट केली असती, तर दळण दहाला संपलं असतं आणि ढीग पॅकिंगपाशी साचला असता. वर हप्ता सुरू! त्याने आधी एक सीलिंग मशीन घेतली. कर्जाचा विषय दिवाळीनंतर बघू म्हणाला.

मोठी मशीन कधीच घेऊ नका, असं मी म्हणत नाही. काम खरंच मशीनपाशी अडत असेल तर जरूर घ्या, कर्ज काढून घ्या. पण आधी कुठे अडतंय ते शोधा.

आज रात्री वही घ्या. डाव्या बाजूला लिहा, दर महिन्याला पैसे खाणारं पण गिऱ्हाइकाला न दिसणारं काय काय आहे. उजव्या बाजूला लिहा, काम रोज नेमकं कुठे तुंबतं. डावीकडची एक गोष्ट या आठवड्यात बंद करा आणि ते पैसे उजवीकडे लावा. काय बंद केलंत ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.