गुण यायला वेळ लागतो हो!

मैत्रिणींनो, परवा विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात नालासोपाऱ्याच्या एका ओळखीच्या बाई भेटल्या. हळूच म्हणाल्या, “धाकट्या जावेचं मन कशातच लागत नाही. डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या गोळ्या दिल्यात. आठ दिवस झाले, फरक काही नाही. उलट तोंड कोरडं पडतं. बंद करू का?”

नाही हो, मुळीच नाही! अ‍ॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रमिन ही ट्रायसायक्लिक घराण्यातली औषधं. यातल्या इमिप्रमिनचा उदासीवरचा गुण स्वित्झर्लंडच्या डॉ. रोलँड कून यांनी १९५७ साली जगापुढे मांडला. या गोळ्यांची खोड अशी, की त्रास पहिल्या दिवसापासून आणि गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी. ही मधली वाट घरच्यांनीच पार करून द्यायची.

गोळीने झोप येते, म्हणून ती बहुधा रात्री देतात. सकाळी एकदम उठू देऊ नका, चक्कर येते. आधी पलंगाच्या कडेला बसवा, मग उभं करा. तोंड कोरडं पडलं तर घोट घोट पाणी, चघळायला बडीशेप. पोट साफ राहावं म्हणून पपई, आपल्या वसईच्या वाडीतली ताजी पालेभाजी आणि संध्याकाळी किनाऱ्यावर एक फेरी. लघवी तुंबली, छातीत धडधडलं, डोळा दुखून अंधुक दिसलं किंवा भोवळ आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हृदयविकार, काचबिंदू, फिट किंवा दिवस गेलेले असणं, हे आधीच सांगा. मद्य वर्ज्य. सर्दीची झोप आणणारी गोळीही विचारल्याशिवाय नको.

“गोळ्या ठेवता कुठे?” मी विचारलं. “फ्रीजवर, ताटलीत.” माझ्या पोटात गोळाच आला. घरात तिचं तीन वर्षांचं पोर!

ही गोळी जास्त गेली तर हृदयावर बेतते, लेकराला तर थोड्याही गोळ्या घातक. शिवाय बरं वाटू लागतं तेव्हा अंगात बळ आधी येतं, मनाची उभारी मागून. जीव नकोसा झालेल्या माणसासाठी तेच दिवस धोक्याचे. म्हणून पट्टी कुलपात ठेवा, रोजची गोळी आपल्या हाताने द्या, डॉक्टरांकडून एका वेळी थोड्याच दिवसांचं औषध मागून घ्या. “मरावंसं वाटतं का गं?” असं मायेने सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर दिवसरात्र फुकट बोलता येतं. आणि चुकून जास्त गोळ्या गेल्याच, तर माणूस ठीक दिसलं तरी थांबू नका. उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा, रिकामी पट्टी सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

बरं वाटलं म्हणूनही औषध एकदम तोडू नका. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी होते, आणि आजार उलटू शकतो. डॉक्टर पुढेही काही महिने देतात, मग हळूहळू कमी करतात.

बोरिवली आली. उतरता उतरता त्या म्हणाल्या, “आज घरी गेल्यावर पहिली कपाटाची किल्ली शोधते.”

तुम्हीही शोधा बरं का!