कुरिसुमासुचं गाणं आणि आसनगाव स्टेशन



या आठवड्यात ताईच्या टपालात भातसानगरहून एक पत्र आलं. आठवीतल्या एका मुलीचं. नाव छापू नका असं तिनं लिहिलंय, म्हणून छापत नाही. पण पत्रातली अडचण आपल्या सगळ्यांचीच आहे. ती लिहिते,

“ताई, माझा मावसभाऊ पुण्याला जपानी शिकतो. दिवाळीत त्यानं मला मोबाइलवर एक जपानी गाणं ऐकवलं. नाताळचं आहे. मला ते इतकं आवडलं की मी पाठच केलं. आमच्या गॅदरिंगसाठी मी तेच दिलंय. तालमीला मुलं हसली. म्हणाली, ‘ही चिनी गाणं म्हणतेय!’ घरी आजी म्हणते, ‘बाय, सण आपला नाही, भाषा आपली नाही. मग आपलं ते काय?’ शनिवारपर्यंत नाव काढून घ्यायची मुभा आहे. काढू का?”

आता सांगा, काय उत्तर द्यायचं? थांबा, घाई नको. आधी ते गाणं काय आहे ते तर बघू या.

गाण्याचं नाव ‘ख्रिसमस ईव्ह’, म्हणजे नाताळची आदली रात्र. गायक आणि संगीतकार तात्सुरो यामाशिता. हे गाणं 1983 साली आलं, आणि गंमत म्हणजे तेव्हा ते फारसं गाजलं नाही. पुढं जपानच्या एका रेल्वे कंपनीनं ते आपल्या जाहिरातीत घेतलं. कुठली गाडी? शिनकान्सेन! तीच ती वेगवान गाडी, जिचं तंत्र घेऊन मुंबई–अहमदाबाद मार्गाचं काम आपल्या ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतून चाललंय. जपानमध्ये ही गाडी पहिल्यांदा धावली 1964 साली, तोक्यो ते ओसाका.

जाहिरातीत होतं काय? गाडीचं कौतुक नाही, वेगाचे आकडे नाहीत. एक मुलगी स्टेशनवर कुणाची तरी वाट बघतेय, बस्स! लोकांना ते इतकं भिडलं की सहा वर्षांचं जुनं गाणं 1989 च्या डिसेंबरात देशात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. तेव्हापासून दर डिसेंबरात ते परत येतं. सलग तीस वर्षं जपानच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आल्याबद्दल 2016 साली गिनीज बुकानं त्याची नोंदही घेतली.

आणखी एक गंमत कान देऊन ऐका. गाण्याच्या मध्यावर शब्द थांबतात आणि नुसत्या आवाजांची एक लड सुरू होते. जणू देवळात दहा-बारा जण एकत्र गाताहेत. पण गाणारा एकच! यामाशितांनी आपलाच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवलाय. आणि ती चाल आहे पाखेलबेल नावाच्या जर्मन संगीतकाराची, तीनशेहून जास्त वर्षांपूर्वीची. म्हणजे जर्मन चाल, जपानी शब्द, आणि ऐकणारी आपली भातसानगरची मैत्रीण! आजी म्हणतात ‘भाषा आपली नाही’. पण तात्सुरोंनी तरी पाखेलबेलला कुठं विचारलं होतं?

असंच एक गाणं युमी मात्सुतोयाचं आहे, 1980 सालचं. मारिया ताकेउची या तात्सुरो यामाशितांच्या पत्नी. त्यांचं सुट्टीचं गाणं तळलेल्या कोंबडीच्या जाहिरातीत आलं आणि डिसेंबर म्हटला की वाजायलाच लागलं. बोआ या गायिकेनं 2004 साली गाण्याचं नावच ठेवलं ‘मेरिकुरि’. ‘मेरी ख्रिसमस’ म्हणायला फार लांब पडतं ना, म्हणून! 2015 साली ‘बॅक नंबर’ या तीन जणांच्या चमूचं ‘ख्रिसमस साँग’ आलं. मनातलं बोलायला न धजणाऱ्या एका मुलाचं ते गाणं आहे. नवीन येतात, पण जुनी जागा सोडत नाहीत. आपल्याकडे गणपतीत जुन्या आरत्या नव्या गाण्यांना हटू देत नाहीत, तसंच.

आता तुम्ही विचाराल, जपानमध्ये नाताळ आला कुठून? तर गोव्याहून, असं म्हटलं तर चालेल! संत फ्रान्सिस झेवियर 1549 साली गोव्याहून निघाले आणि मलाक्कामार्गे त्याच वर्षी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. पुढं 1614 साली तिथल्या राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. ती उठली थेट 1873 साली. आजही तिथं शंभरात जेमतेम एखादाच माणूस ख्रिस्ती आहे. 25 डिसेंबरला सरकारी सुट्टी नसते. ती आपल्याकडे असते, बरं का! तरीही दिवे लागतात, स्ट्रॉबेरी आणि मलईचा केक येतो, आणि 1974 सालच्या एका जाहिरातीपासून तळलेली कोंबडी खायची पद्धतच पडून गेलीय. जपानी तोंडाला जोडाक्षरं जड जातात, म्हणून ख्रिसमसचं झालं ‘कुरिसुमासु’. हसू नका हं! आपला ‘नाताळ’ तरी कुठला? पोर्तुगीज ‘नाताल’ शब्द आपल्या तोंडात बसला आणि मराठी झाला.

मग आपल्याकडे मराठीत नाताळची गाणी नाहीत का? आहेत तर! फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून गोव्यात आलेले. त्यांनी मराठीचं कौतुक करत ओव्यांमध्ये ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, ते 1616 साली छापलं गेलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर येशूवर अभंग लिहिले आणि टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कीर्तनं रंगवली. आपल्याच शेजारच्या वसईत डिसेंबर आला की घरोघर गोठा सजतो आणि कादोडी बोलीतली गाणी घुमतात. शहापूरहून वसई काही जपानइतकी लांब नाही!

इथं मला माझी एक फजिती सांगायला हवी. मी पाचवीत असताना आम्ही ‘जिंगल बेल्स’ म्हटलं होतं. टोप्या, कापसाच्या दाढ्या, सगळा थाट. खाली आल्यावर वसईच्या एका मैत्रिणीनं विचारलं, “गाण्यात काय आहे गं?” मी छाती फुगवून म्हटलं, “येशूचा जन्म!” ती इतकी हसली! त्या गाण्यात येशू नाही आणि नाताळही नाही. बर्फावरून घोडा जोडलेली गाडी हाकण्याची मजा आहे, एवढंच. मी भाषा परकी म्हणून चुकले नव्हते. अर्थ न विचारता गायले, म्हणून चुकले होते.

म्हणून भातसानगरच्या मैत्रिणी, तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी तीनदा वाचली. तू लिहिलंयस, “माझे बाबा मुंबईला कामाला आहेत. शनिवारी रात्री ते आसनगावला उतरतात. कधी कधी येत नाहीत.”

अगं, तुझ्या भावानं तुला अर्थ सांगितला का गं? या गाण्यातही एक जण नाताळच्या आदल्या रात्री वाट बघतोय. बाहेर पाऊस आहे, रात्री त्याचा बर्फ होईल असं त्याला वाटतंय. आणि ज्याची वाट बघतोय ते माणूस काही येत नाही. अर्थ न कळताही तू ते गाणं उचललंस. कशामुळे, ते तुझं तुला ठाऊक!

तुमच्या धरणाचंच बघ. भातसाचं पाणी नदीनं पिसेपर्यंत जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईच्या नळांना येतं. पाण्यामागोमाग माणसंही कामाला मुंबईला जातात. पाणी परत येत नाही, माणसं शनिवारी येतात. त्यांची वाट बघणं म्हणजे काय, हे तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना समजतं. फक्त ते जपानीत आहे म्हणून ती हसली.

तेव्हा नाव काढू नकोस. पण तीन कामं कर.

पहिलं, उच्चार नीट बसव. जपानीत स्वर पाचच: अ, इ, उ, ए, ओ. आपल्या तोंडात ते सहज बसतात. गाणं देवनागरीत लिहून काढ आणि भावाकडून तपासून घे.

दुसरं, गाण्याआधी स्टेजवर चार वाक्यं मराठीत बोल. हे कोणत्या देशाचं, कोणत्या सणाचं आणि कशाबद्दल आहे ते सांग. मग बघ, कोण हसतंय!

तिसरं काम अवघड आहे. आजीजवळ बस. तिला विचार, “आजी, वाट बघण्याचं तुझं कुठलं गाणं?” जात्यावर बसून माहेरच्या माणसाची, भाऊरायाची वाट पाहणाऱ्या ओव्या तिच्या पिढीनं रोज पहाटे म्हटल्यात. त्यांतली एक तरी वहीत उतरव आणि पाठ कर. जपानी गाण्याच्या आधी ती ओवी म्हण.

कारण आजीचं म्हणणं चुकीचं नाही. तिची भीती खरी आहे. पण आपली गाणी परकी गाणी आल्यामुळे जात नाहीत. ती ऐकायला कुणी बसत नाही, म्हणून जातात. जपानी लोक 25 डिसेंबरला नाताळचं झाड काढतात आणि नव्या वर्षासाठी दारात पाइनच्या आणि बांबूच्या फांद्या मांडतात. 31 च्या रात्री त्यांच्या बौद्ध मंदिरांतली घंटा एकशेआठ वेळा वाजते. कुरिसुमासुनं ती घंटा बंद पाडली नाही. पौषात मुरबाडजवळ म्हसाची जत्रा भरेल. तुझ्या जपानी गाण्यामुळे तिथलं एक घोंगडंही कमी विकलं जाणार नाही!

पालकांनाही एक सांगायचंय. मूल परकं गाणं गुणगुणायला लागलं तर लगेच रागावू नका. त्याला अर्थ विचारा. सांगता आला नाही तर दोघं मिळून शोधा. आणि मग तुमचं एक गाणं त्याला द्या.

आता या आठवड्याचं काम सगळ्यांना. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला वाट बघण्याचं एक गाणं विचारा. कुणी शिकवलं, कधी म्हणायचे, तेही लिहा आणि ताईकडे पाठवा.

आणि भातसानगरच्या मैत्रिणी, तुझं गॅदरिंग शनिवारी नाही ना गं? असलंच, तर बाबांना आधीच सांगून ठेव, आज आधीची गाडी पकडा म्हणावं!

तुमची लाडकी,
ताई