विश्लेषण : डेटाची प्रत असली, तरी तो परत मिळायला इतके दिवस का लागतात?

दक्षिण कोरियातील डेजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सर्वात मोठा फटका बसला तो ‘जी-ड्राइव्ह’ला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली साठवणारी ही यंत्रणा जळून खाक झाली. त्यातील ८५८ टेराबाइट डेटाची प्रत बाहेर कुठेही नव्हती.

प्रत का नव्हती?

साठा प्रचंड आणि यंत्रणेचा वेग कमी, त्यामुळे बाहेर बॅकअप ठेवणे शक्य झाले नाही, असे कारण देण्यात आले. हा आकार किती मोठा आहे? सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या लाइनवरून ८५८ टेराबाइट पाठवायचे, तर अखंड ७९ दिवस लागतील. दसपट वेगातही आठ दिवस.

प्रत असेल तर प्रश्न मिटतो का?

पूर्णपणे नाही. समजा, डेटाच्या दोन प्रती दोन शहरांत आहेत आणि एकीकडची २० टेराबाइटची डिस्क बिघडली. नवी डिस्क बसवली तरी ती कोरी असते. दुसऱ्या शहरातून १०० मेगाबिटच्या लाइनवर सगळा डेटा आणायला साडेअठरा दिवस लागतात. तेवढे दिवस एकच प्रत शिल्लक असते. तीही बिघडली, तर सारे संपले. शिवाय रोजचे कामही त्याच लाइनवर चालते. ते अडू नये म्हणून कॉपीचा वेग कमी ठेवला, की धोक्याचे दिवस आणखी वाढतात.

मग उपाय काय?

संपर्क काही वेळच तुटला असेल, तर मधल्या काळात बदललेला भागच पाठवतात. बदलांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणांना ते जमते. डिस्क कोरी असेल, तर चांगली प्रत जिथे आहे तिथेच ती भरून घेतात आणि गाडीने पाठवतात. प्रवासादरम्यान झालेले बदल तेवढे नेटवर्कवरून जातात. महत्त्वाच्या डेटासाठी तिसरी प्रतही ठेवली जाते.

त्यामुळे कोणत्याही कार्यालयाने ‘बॅकअप आहे’ असे सांगितले, की पुढचा प्रश्न विचारायला हवा : तो पूर्ण परत आणायला किती दिवस लागतील, आणि तसे कधी करून पाहिले आहे का?